पिलाटीजची सुरुवात: चटईवर की यंत्रावर?

पिलाटीज हा शब्द आता नंदुरबार, शहादा, नवापूरपर्यंत पोहोचला आहे. मोबाइलने पोहोचवला. मुंबईत यास्मिन कराचीवाला किंवा नम्रता पुरोहित यांच्याकडे सिनेमातल्या अभिनेत्री व्यायाम करतात, स्प्रिंगा लावलेल्या सरकत्या पाटावर पाय ताणतात आणि ती चित्रफीत थोड्याच वेळात इथल्या बँकेतल्या बाईंच्या, शाळेतल्या मॅडमच्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीच्या हातात असते. मग प्रश्न येतो: हे करायचं तर ते यंत्र लागतंच का, की घरी चटई टाकून चालेल? ज्यांच्याकडे यंत्रं आहेत ते यंत्र म्हणतात, ज्यांच्याकडे नुसता हॉल आहे ते चटई म्हणतात. इथली शरीरं, इथली कामं आणि इथले काही आजार मात्र दोघांच्याही हिशेबात नसतात. म्हणून नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या नवख्या माणसाच्या बाजूने हा प्रश्न पाहायला हवा.

माझं मत आधीच सांगून टाकावं. इथे बहुतेकांनी चटईवरच सुरुवात करावी, मात्र पिलाटीजच्या मूळ पुस्तकात छापलेल्या क्रमाने नाही. यंत्रातली स्प्रिंग नवख्याला जी मदत करते, ती मदत घरातल्या साधनांनी आधी उभी करावी आणि मग व्यायाम करावा. काही मोजक्या लोकांनी मात्र खर्च आणि प्रवास सोसून आधी यंत्राकडे जाणं योग्य आहे. ते कोण, हे पुढे येईलच.

जोसेफ पिलाटीज हा जर्मनीत १८८३ साली जन्मलेला माणूस. लहानपणी दमा आणि मुडदूस, त्यामुळे शरीर कमावण्याचा ध्यास. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये असताना जर्मन म्हणून त्याला स्थानबद्ध केलं गेलं, पुढे आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं. तिथे आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्याने त्यांना व्यायाम दिला, असं सांगतात. ती कथा म्हणूनच घ्यावी. १९२०च्या दशकात तो न्यूयॉर्कला गेला, पत्नी क्लाराबरोबर व्यायामशाळा चालवली आणि दुखापत झालेले नर्तक-नर्तकी त्याच्याकडे येऊ लागले. १९४५ साली त्याने एक पुस्तक काढलं, त्यात जमिनीवर करायचे ३४ व्यायाम क्रमवार दिले आहेत. १९६७ साली तो वारला. आपल्या प्रश्नासाठी यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. ते ३४ व्यायाम वाचकाने घरी करायचे होते. व्यायामशाळेत येणाऱ्याला, विशेषतः दुखऱ्या शरीराच्या माणसाला, तो यंत्रांवर घेत असे. चटई आणि यंत्र एकाच पद्धतीची दोन अंगं आहेत, आणि त्यांतलं यंत्राचं अंग अशक्तांसाठी अधिक कामाचं होतं. आज जाहिरातींतून नेमका उलटा समज पसरला आहे: चटई नवशिक्यांची आणि यंत्र पुढच्या इयत्तेचं.

त्या सरकत्या पाटाच्या यंत्राला रिफॉर्मर म्हणतात. ते काय आहे ते आधी नीट पाहू. माणूस पाय पसरून निजेल एवढी लाकडी किंवा धातूची चौकट, तिच्यात चाकांवर पुढेमागे सरकणारा गादीचा पाट, पाटाला एका टोकाशी जोडणाऱ्या चार-पाच स्प्रिंगा, पाय टेकवायला आडवा दांडा, खांद्यांना अडसर आणि हातापायांत अडकवायचे दोर. त्याला वीज लागत नाही. पहिल्याच तासाला बहुधा असं करतात: पाठीवर निजायचं, तळपाय दांड्यावर ठेवायचे आणि पाट मागे ढकलायचा. ही बैठकच आहे, फक्त आडवी. पाठ पूर्ण टेकलेली असते, गुडघ्यावर शरीराचा भार येत नाही, किती जोर लावायचा ते स्प्रिंगा ठरवतात, आणि गुडघा आत पडतो की बाहेर हे शिकवणाऱ्याला स्वच्छ दिसतं. नंतर पाय दोरात अडकवून हवेत गोल फिरवतात. तिथे पायाचं वजन स्प्रिंग तोलून धरते, त्यामुळे जांघेचा सांधा मोकळा फिरतो आणि कंबर शांत राहते.

जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त अवघड, असं नवख्याला वाटतं. पाय ढकलताना ते खरं आहे. पण हात दांड्यावर, पाय पाटावर ठेवून शरीर फळीसारखं ताठ धरायचं असेल, तर स्प्रिंग हलकी केली की पाट पळू लागतो आणि पोट थरथरतं. तिथे हलकी स्प्रिंग अवघड. स्प्रिंगांचे रंगही प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे एका शहरात शिकलेलं ‘दोन लाल’ दुसऱ्या शहरात लागू होईलच असं नाही.

आता चटई. जमिनीवर ना स्प्रिंग, ना दोर. शरीराचं वजन आणि गुरुत्वाकर्षण एवढंच असतं, आणि ते कमीजास्त करता येत नाही. पुस्तकातला पहिलाच व्यायाम घ्या: पाठीवर निजून डोकं उचलायचं, सरळ पाय जमिनीपासून वर धरायचे आणि हात शंभर वेळा खालीवर हलवायचे. पहिल्या दिवशी पोटाऐवजी मानच भरून येते. दुसरा व्यायाम निजलेल्या स्थितीतून पाय सरळ ठेवून मणका-मणका उचलत उठून बसण्याचा. ज्याच्या पोटात जोर नाही तो झटका देतो, नाहीतर पाय उचलतो. म्हणजे जे स्वस्त आणि साधं दिसतं ते नवख्याला अवघड पडतं. आणि जे महागडं, अवघड दिसतं तेच त्याला हात देतं. हे समजलं की ‘आधी चटई, जमलं तर यंत्र’ या पायरीवर विश्वास राहत नाही.

अभ्यास काय सांगतात? २०१५ साली वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखी आणि पिलाटीज यांवरच्या १० चाचण्यांचा, मिळून ५१० रुग्णांचा, आढावा काढला. फारसं काही न करण्यापेक्षा पिलाटीज बरं, असा निष्कर्ष निघाला, पण तोही कमी ते मध्यम दर्जाच्या पुराव्यावर. इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही. चटई आणि यंत्र यांची थेट तुलना ब्राझीलमध्ये झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या ८६ रुग्णांनी सहा आठवड्यांत १२ तास घेतले, निम्म्यांनी चटईवर, निम्म्यांनी यंत्रांवर. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. सहा महिन्यांनंतर मात्र यंत्रवाल्यांची रोजच्या हालचालीतली अडचण आणि हालचालीची भीती, दोन्ही कमी आढळल्या; दुखण्याच्या तीव्रतेत फरक नव्हता. यातला भीतीचा मुद्दा मला मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षं कंबर धरून बसलेला माणूस वाकायलाच घाबरतो. पाठ टेकलेली असताना, स्प्रिंगेच्या आधाराने तो पुन्हा हालचाल करतो तेव्हा भीती चेपते. वजन घटवण्यासाठी म्हणून कुणी यात येत असेल, तर त्याला स्पष्ट सांगावं: चालणं सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सांगते. पिलाटीज त्यातला दुसरा भाग भरून काढतं, पहिला नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे यावं. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यातले जवळपास सत्तर टक्के आदिवासी, आणि शहरात राहणारा सहांपैकी जेमतेम एक. इथल्या मिरचीच्या पथाऱ्यांवर बाया तासन्‌तास बसून देठं खुडतात. भातलावणी, निंदणी, कापूस वेचणी, ऊसतोड ही सगळी पुढे वाकून करायची कामं आहेत. अशा बाईची कंबर दुखते तेव्हा कुणीतरी तिला पोटाचे व्यायाम करायला सांगतं, आणि पिलाटीजच्या चटईवरचे सुरुवातीचे व्यायाम बघावेत तर बहुतेक पुन्हा पुढे वाकण्याचेच: डोकं उचला, मणका गोल करा, चेंडूसारखं मागे लोळा. दिवसभर वाकलेल्या पाठीला संध्याकाळी आणखी वाकवून काय मिळणार? तिला उताणं निजून श्वास, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, पालथं निजून छाती थोडी उचलणं, कुशीवर निजून वरचा पाय उचलणं, एवढंच आधी द्यावं. हे सगळं पिलाटीजमध्ये आहेच, फक्त क्रम बदलायचा आहे. उलट दिवसभर खुर्चीत बसणारा कारकून किंवा अभ्यासिकेत बारा तास बसणारा मुलगा यांच्या मांडीचे पुढचे स्नायू आखडलेले असतात आणि मान पुढे आलेली असते. त्यांचा क्रम आणखी वेगळा.

एक गोष्ट इथल्या माणसाच्या बाजूची आहे. पाश्चात्त्य देशांत अनेक प्रौढांना जमिनीवर बसणं-उठणंच जड जातं, म्हणून तिथे यंत्राची उंची सोयीची ठरते. आपल्याकडे खेड्यात साठीच्या बाया अजून उकिडव्या बसतात, मांडी घालून जेवतात. जमीन त्यांना परकी नाही. चटईची पहिली अडचण इथे निम्म्या लोकांना येतच नाही. येते ती नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, जेवणाच्या टेबलावर आणि कमोडवर सवयीच्या झालेल्या मंडळींना.

हाडांचा मुद्दा याहून गंभीर आहे. १९८४ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी मणक्याची हाडं ठिसूळ झालेल्या, पाळी थांबलेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत पुढच्या काळात नव्याने चीर पडलेली किंवा मणका दबलेला आढळला. मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. अभ्यास छोटा होता, तरी तेव्हापासून ठिसूळ हाडांच्या रुग्णांना जोराने पुढे वाकू नका असं सांगितलं जातं. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते आणि हाडांची तपासणी फारच थोड्याजणी करून घेतात. म्हणून पन्नाशीच्या आसपासच्या बाईने, मोबाइलवरच्या चित्रफितीत काहीही दाखवलं तरी, मणक्यावर लोळण्याचे आणि निजून उठून बसण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. यंत्रावर गेलं तरी हा नियम तोच.

आणि सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. पिलाटीजवरच्या पुस्तकांत हा शब्द सहसा सापडणार नाही, पण नंदुरबारात व्यायाम शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न हाच आहे. हा जिल्हा राज्यातल्या सिकल सेलचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांच्यात पाणी कमी पडणं, अति दमणं, अति उष्णता किंवा थंडी यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड झिजण्याचा धोकाही त्यांना असतो. तेव्हा सिकल सेलच्या तरुण रुग्णाची जांघ दुखत असेल, तर पाय फिरवण्याचे व्यायाम करून ती मोकळी होईल असं समजू नये. आधी एक्स-रे, गरज पडली तर एमआरआय. नुसते वाहक असलेल्यांना बहुधा त्रास होत नाही, पण मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असताना पत्र्याखालच्या हॉलमध्ये दमछाक करून घेणं त्यांनाही बरं नाही. सौम्य पिलाटीज, पहाटेची वेळ, मधूनमधून पाणी, झटका नसतानाच व्यायाम: एवढं सांभाळलं तर हा प्रकार आजार असलेल्यांना धावण्यापेक्षा सोसवेल असं मला वाटतं, पण सुरुवात डॉक्टरांच्या होकारानेच व्हावी. रक्ताची कमतरता ही तर घरोघरची गोष्ट. हिमोग्लोबिन खूप खाली असेल तर कुठलाच व्यायाम अंगी लागत नाही.

चटईवर स्प्रिंगेची मदत कशी आणायची? महाराष्ट्रात यासाठी फार लांब जावं लागत नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कार कसल्याही साधनाशिवायचे. मल्लखांबाला खांब किंवा दोर हवाच. आणि पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी भिंतीचे दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या वापरून ताठर शरीरांना आसनापर्यंत पोहोचवलं. रिफॉर्मर नवख्यासाठी जे करतो त्याच्या सगळ्यात जवळचं काम अय्यंगारांची साधनं करतात, आणि ती सगळ्यांना परवडतात. निजून उठायला जमत नसेल तर ओढणी दोन्ही तळव्यांखालून घेऊन तिची टोकं हातात धरावीत आणि ओढणीच्या आधाराने उठावं. किंवा बसलेल्या स्थितीतून अर्ध्यापर्यंतच मागे जावं. डोकं उचलण्याच्या व्यायामात मानेखाली घडी केलेली चादर ठेवावी आणि डोकं टेकलेलंच राहू द्यावं. पाय सरळ वर धरवत नसतील तर पोटऱ्या पलंगाच्या किंवा खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात. पायाने ढकलण्याचा व्यायाम हवा असेल तर पाठ भिंतीला टेकवून अर्धी बैठक घ्यावी. पाठीला भिंतीचा आधार मिळतो आणि किती खाली जायचं ते आपल्या हातात राहतं. रबरी पट्टा दोनतीनशे रुपयांत मिळतो, त्यात पाय अडकवून निजल्या निजल्या गोल फिरवता येतो.

चटई मात्र जाड हवी. योगासनांची पातळ चटई कोटा फरशीवर टाकून मणक्यावर लोळलं तर मणकेच खरचटतात. सतरंजीवर दुहेरी गोधडी तिच्यापेक्षा चांगली, फक्त ती सरकू नये म्हणून भिंतीला लावून घ्यावी.

शिकवणारा कोण, याचं वजन मला चटई-यंत्राच्या निवडीपेक्षा जास्त वाटतं. २००० साली अमेरिकेच्या एका न्यायालयाने पिलाटीज हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, असा निकाल दिला. तेव्हापासून हे नाव कुणीही वापरू शकतो. पद्धतीचा प्रसार झाला, पण पाटी लावणाऱ्याला काही येतं की नाही हे पाटीवरून कळेनासं झालं. परदेशी संस्थांचं चटई आणि सगळी यंत्रं मिळूनचं पूर्ण प्रशिक्षण साधारण साडेचारशे तासांचं असतं. फक्त चटईचे काही कोर्स मात्र दोन-चार शनिवार-रविवारांत संपतात. म्हणून ‘सर्टिफाइड’ ऐकून थांबू नये. किती तासांचं आणि कशाचं, हे विचारावं. नंदुरबारात ज्याला दुखणं आहे त्याने आधी राज्य परिषदेकडे नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टला गाठावं, मग तो पिलाटीज शिकवो न शिकवो. ऑनलाइन तास घ्यायचा तर मोबाइल बाजूने, जमिनीच्या पातळीवर ठेवावा. समोरून कंबरेखालची पोकळी शिक्षकाला दिसत नाही. तासाला वीस चेहरे पडद्यावर असतील तर तो तास म्हणजे चित्रफीतच.

घरी यंत्र घेण्याचा विचार नवख्याने करू नये. स्टुडिओत असतं तसं यंत्र लाखाच्या घरात जातं, त्याच्या स्प्रिंगा दोनेक वर्षांनी बदलाव्यात अशी उत्पादकांची शिफारस असते, आणि स्वस्तात मिळणाऱ्या घडीच्या यंत्रांत अनेकदा स्प्रिंगांऐवजी रबरी दोर असतात, त्यांचा ताण वेगळ्या तऱ्हेने वाढतो. शिवाय चालत्या पाटावर उभं राहणं शिकलेल्या नजरेशिवाय धोक्याचं आहे.

आधी यंत्राकडे जावं असे लोक मला तीन प्रकारचे दिसतात. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेले आणि जमिनीवर बसायला मनाई असलेले. जुनाट कंबरदुखीने हालचालीलाच घाबरणारे. आणि ज्यांना आपलं अंग कुठे आहे, पोट कधी आवळलं जातं, हे चटईवर कितीही सांगितलं तरी कळत नाही असे. त्यांना स्प्रिंगेचा ताण ते लगेच कळवतो. या लोकांनी सुरत, नाशिक किंवा पुण्याला नातेवाइकांकडे पंधरा दिवस मुक्काम असेल तेव्हा एकट्याचे चार-पाच तास घ्यावेत, दहा-बारा जणांचा गट टाळावा. रेल्वेने सुरत तीन-साडेतीन तासांवर आहे, पण आठवड्याला तेवढा प्रवास करून कंबरदुखी बरी होणार नाही, वाढेल. शेवटच्या तासाला शिक्षकाला सांगावं की आता मी गावी चाललोय, यंत्रावर केलेल्यातलं काय, कोणत्या आधाराने जमिनीवर करू ते माझ्याकडून करवून घ्या, आणि माझ्याच मोबाइलवर बाजूने चित्रित करा. हे पहिल्याच तासाला विचारून ठेवावं, आणि असं करवून घ्यायला जो शिक्षक तयार होत नाही, त्याच्याकडे त्या तासानंतर जाऊ नये.